गिटारच्या अ‍ॅम्पवर कीबोर्ड: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

सदराकडे आलेल्या पत्रांतून या वेळी एकाच विषयावरची पत्रे निवडली आहेत. घरात गिटारचा अ‍ॅम्प आहे, कीबोर्ड किंवा सिंथेसायझरही आहे, मग एकाला दुसरा जोडायला काय हरकत आहे, असा बहुतेकांचा सूर आहे. हरकत नाही, हे आधीच सांगतो. परंतु कोणता आवाज त्या अ‍ॅम्पवर खुलतो आणि कोणता मार खातो हे समजून न घेता जोडणी केली, तर पुष्कळांचा हिरमोड होतो, आणि काही वेळा स्पीकरही हातचा जातो.

प्रश्न: माझ्याकडे ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड आहे. मुलाने गिटारसाठी १० वॅटचा छोटा अ‍ॅम्प घेतला आहे. दुकानदार म्हणाला की त्याला कीबोर्ड लावला तर स्पीकर जळेल. वाद्यवृंदात वाजवणारा मित्र म्हणतो की काहीही होत नाही. कोणाचे ऐकावे? (सांगली)

दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, पण प्रत्येकाने अर्धीच गोष्ट सांगितली आहे. कीबोर्ड जोडला एवढ्याच कारणाने स्पीकर बिघडत नाही. तो बिघडतो खर्जातल्या स्वरांनी आणि आवाजाच्या पातळीने, आणि या दोन्ही गोष्टी वाजवणाऱ्याच्या हातात असतात.

गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली की सुमारे ८२ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ८२ कंपनांचा, स्वर निघतो. गिटारचा स्पीकर त्याच हिशेबाने बनवलेला असतो. त्याचा कागद हलका, कडेची घडी ताठ आणि कागदाला चिकटलेल्या तारेच्या वेटोळ्याची, म्हणजे कॉइलची, पुढेमागे सरकण्याची मुभा थोडी असते. १२ इंची चांगला गिटार स्पीकर ढोबळमानाने ७० ते ५००० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यात नीट काम करतो. आपल्याकडच्या १० वॅटच्या अ‍ॅम्पमधला सहा-आठ इंची स्पीकर खालच्या बाजूला त्याहूनही लवकर हात टेकतो. या मर्यादेच्या खालचा स्वर पाठवला की तो ऐकू तर फारसा येत नाही, पण कागद मात्र जोरजोरात पुढेमागे होत राहतो, कारण अ‍ॅम्पने दिलेली ताकद कुठे तरी खर्च व्हायलाच हवी. पुष्कळ गिटार अ‍ॅम्पची पाठ उघडी असते, त्यामुळे कागदामागे कोंडलेल्या हवेचा जो आधार बंद पेटीत मिळतो तोही येथे नसतो. कॉइल मर्यादेबाहेर सरकत राहिली की ती चुंबकाच्या फटीत घासू लागते किंवा मागच्या पत्र्यावर आपटते, आणि जास्त वेळ जास्त ताकद मिळाली तर तापून जळते.

आता आपल्या ६१ पट्ट्यांचा हिशेब पाहा. नेहमीच्या मांडणीत सर्वांत खालची पांढरी एक सुमारे ६५ हर्ट्झवर येते. म्हणजे नुसते दोन हातांनी वाजवले, तर आपण गिटारच्या कक्षेच्या थोडेसेच खाली जाता आणि मध्यम आवाजात त्याने काहीही बिघडणार नाही. खरी अडचण आहे ती स्टाइलची. ताल सुरू केला की कीबोर्ड स्वतःहून बास गिटार आणि ड्रमची साथ देऊ लागतो. त्यातली बास ४१ हर्ट्झपर्यंत उतरते आणि मोठ्या ड्रमचा प्रत्येक ठोका खालच्या पट्ट्यात धक्का देतो. आपला दुकानदार ज्या जळलेल्या स्पीकरांविषयी बोलतो, ते बहुधा असे मोठ्या आवाजात स्टाइल लावून वाजवलेले असावेत.

तेव्हा साथ बंद ठेवा, किंवा साथीतल्या बासची पातळी कीबोर्डमध्येच शून्यावर आणा. अ‍ॅम्पचा बासचा खटका निम्म्याखाली ठेवा. अ‍ॅम्पची पाठ उघडी असेल तर खालचे स्वर वाजवताना मागून टॉर्चच्या उजेडात कागदाकडे पाहा: तो नुसता थरथरताना दिसला तर सर्व ठीक आहे, तो डोळ्यांना स्पष्ट पुढेमागे जाताना दिसू लागला आणि आवाजात फडफड येऊ लागली, तर तेथेच थांबून आवाज कमी करा. घरात, एका खोलीत, बोलणे ऐकू येईल एवढ्या आवाजात सरावासाठी हा अ‍ॅम्प खुशाल वापरा. त्यावर सोसायटीच्या हॉलमधला कार्यक्रम करू नका.

प्रश्न: नवा डिजिटल पियानो घेतला आहे. हेडफोनवर तो अतिशय सुंदर वाजतो, पण गिटारच्या अ‍ॅम्पवर डब्यात कोंडल्यासारखा येतो. ट्रेबल पूर्ण वाढवला तर टोचतो, तरी खुलत नाही. दोष पियानोचा की अ‍ॅम्पचा? (नाशिक)

दोष कोणाचाच नाही. दोघांची कामे वेगळी आहेत. डिजिटल पियानोतला आवाज हा एका चांगल्या पियानोचे उत्तम मायक्रोफोन लावून केलेले ध्वनिमुद्रण असतो. त्यात हातोडीचा आघात, तारांची झळाळी आणि लाकडी पेटीचा घुमारा हे सारे आधीच आलेले असते, आणि त्यातली झळाळी ५००० हर्ट्झच्या वर दूरपर्यंत पसरलेली असते. गिटारचा स्पीकर त्या सीमेपाशी एकदम कोसळतो. त्याला वरचे स्वर सांभाळणारा वेगळा छोटा स्पीकर, म्हणजे ट्वीटर, नसतोच. गिटारवाल्यांना तो नको असतो, कारण फाटलेल्या (डिस्टॉर्शनच्या) आवाजातली कर्कश कडा स्पीकरच्या या दुबळेपणामुळेच गोल होते. आपण ट्रेबल वाढवता तेव्हा ५००० च्या वरचे काहीच परत येत नाही. त्याच्या खालचा, दोन ते चार हजारांचा टोचणारा भागच फुगतो.

यात आणखी एक भर पडते, ती अ‍ॅम्पच्या टोन खटक्यांची. फेंडर या अमेरिकन कंपनीच्या धाटणीच्या अ‍ॅम्पमध्ये बास, मिड आणि ट्रेबल हे तिन्ही खटके मध्यावर ठेवले म्हणजे आवाज जसाच्या तसा जातो, असा समज आहे; प्रत्यक्षात त्या स्थितीत चार-पाचशे हर्ट्झच्या आसपास मोठा खड्डा पडतो. पियानोच्या मधल्या सप्तकाचा भरदारपणा नेमका तेथेच असतो. अशा अ‍ॅम्पवर बास आणि ट्रेबल जवळजवळ शून्यापर्यंत खाली आणून मिड पूर्ण वर नेला, तर आवाज पुष्कळ सरळ होतो. खटक्यांची ही स्थिती डोळ्यांना विचित्र दिसते, पण कानांनी ठरवावे. ‘ब्राइट’ नावाचे बटण असेल तर ते बंद ठेवावे आणि रिव्हर्ब (आवाजातला कृत्रिम घुमारा) अ‍ॅम्पचा किंवा पियानोचा, दोघांपैकी एकाचाच ठेवावा.

पियानो बहुधा स्टीरिओ असतो आणि अ‍ॅम्प मोनो. स्टीरिओचे दोन्ही भाग एकत्र करताना काही स्वर एकमेकांना खोडतात आणि मधले सप्तक पोकळ वाटू लागते. पियानोत ‘मोनो पियानो’ असा आवाज दिलेला असेल तर तो निवडावा. नसेल तर दोन्ही बाजू एकत्र करण्याऐवजी फक्त डावी बाजू घेऊन पाहावी.

एवढे करूनही आपला पियानो हेडफोनवर वाजतो तसा या अ‍ॅम्पवर कधीच वाजणार नाही. जमिनीवरच्या पियानोसारखा आवाज हवा असेल, तर ट्वीटर आणि आतच अ‍ॅम्प असलेला पॉवर्ड स्पीकर किंवा कीबोर्डचा खास अ‍ॅम्प घेणे हाच मार्ग आहे, आणि नव्या पियानोवर खर्च केलेल्या रकमेचा मान राखायचा तर तो खर्च टाळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न: जुन्या रॉक आणि जॅझ वादकांच्या छायाचित्रांत कीबोर्डच्या शेजारी गिटारचे अ‍ॅम्प दिसतात. त्यांना हे कसे चालत असे? की त्या काळी दुसरे काही मिळतच नव्हते? (पुणे)

दुसरे फारसे मिळत नव्हते हे खरे, पण तेवढ्याने उत्तर पूर्ण होत नाही. त्या वाद्यांचा आवाज अ‍ॅम्पशिवाय पूर्णच होत नसे. ही या सर्व पत्रांच्या मुळाशी असलेली बाब आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

हॅरल्ड ऱ्होड्स यांचा इलेक्ट्रिक पियानो घ्या. पट्टी दाबली की हातोडी एका पोलादी काडीवर आदळते, आणि त्या काडीसमोर गिटारमध्ये असते तसेच, कंपनाचे विजेच्या सिग्नलमध्ये रूपांतर करणारे चुंबकीय पिकअप असते. १९६५ मध्ये फेंडर कंपनीने बाजारात आणलेल्या सूटकेस नमुन्यात अ‍ॅम्प आणि स्पीकर वाद्याबरोबरच मिळत. पुढे आलेल्या स्टेज नमुन्यात मात्र अ‍ॅम्प नव्हताच. त्यातून निघणारा सिग्नल थेट पिकअपचा, गिटारसारखाच क्षीण. तो गिटारच्या अ‍ॅम्पला लावणे ही त्या वाद्याची स्वाभाविक जोडणी होती, आणि त्यासाठी फेंडरचाच ट्विन रिव्हर्ब, म्हणजे १२ इंची दोन स्पीकरांचा सुमारे ८५ वॅटचा, व्हॉल्व्हचा (काचेच्या इलेक्ट्रॉनिक नळ्यांचा) अ‍ॅम्प, फार लोकप्रिय झाला. हळू वाजवले की घंटेसारखा आणि जोरात ठोकले की किंचित गुरगुरणारा जो ऱ्होड्सचा आवाज आपण ओळखतो, त्यातली बरीचशी गुरगुर पिकअपची आणि अ‍ॅम्पची मिळून झालेली आहे.

ऑर्गनची कथा वेगळ्या वाटेने त्याच ठिकाणी येते. लॉरेन्स हॅमंड यांचा ऑर्गन १९३५ मध्ये आला तो चर्चमधल्या पाइप ऑर्गनला स्वस्त पर्याय म्हणून. डोनल्ड लेस्ली यांना त्याचा आवाज निर्जीव वाटला, म्हणून त्यांनी फिरत्या कर्ण्याचा स्पीकर तयार केला. स्वतः हॅमंड यांना तो कधीच पसंत पडला नाही, तरी वादकांनी तो उचलून धरला. त्यातला पुढे प्रसिद्ध झालेला १२२ क्रमांकाचा नमुना पाहिला तर त्यात ४० वॅटचा व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प आहे, आणि ८०० हर्ट्झच्या वरचे स्वर फिरत्या कर्ण्याकडे व खालचे १५ इंची स्पीकरकडे जातात. ऑर्गनवादकाने पायाने आवाज वाढवला की व्हॉल्व्ह आपल्या मर्यादेला पोहोचून आवाजाला जी धार चढते, ती ऑर्गनमध्ये मुळात नाही, ती लेस्लीने दिलेली आहे. डीप पर्पल या ब्रिटिश बँडच्या जॉन लॉर्ड यांनी हीच गोष्ट आणखी पुढे नेली. बँडमधले गिटारवादक रिची ब्लॅकमोर यांच्या गिटारच्या तोडीस तोड आवाज हवा म्हणून त्यांनी आपला हॅमंड मार्शलच्या गिटार अ‍ॅम्पमधून वाजवला, आणि त्यांचा ऑर्गन गिटारच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला.

यानंतर १९८३ मध्ये यामाहाचा डीएक्स-७ हा डिजिटल सिंथेसायझर आला आणि चित्र पालटले. त्याचा इलेक्ट्रिक पियानो काचेसारखा लख्ख. त्याची सारी शोभा वरच्या स्वरांत. तो गिटारच्या अ‍ॅम्पवर लावला तर नेमकी ती शोभाच नाहीशी होते. तेव्हापासून कीबोर्डवादक पूर्ण पट्ट्याच्या स्पीकरांकडे वळत गेले, आणि ते योग्यच होते.

म्हणून जोडणीआधी स्वतःला विचारावे: हा आवाज तयार होऊन आला आहे, की त्याला अजून अ‍ॅम्पचा हात लागायचा आहे? पियानो, व्हायोलिनसमूह, बासरी, तबल्याचे नमुने हे तयार आवाज. त्यांना गिटारचा अ‍ॅम्प फक्त खरवडतो. ऱ्होड्स, वुर्लिट्झर, क्लॅव्हिनेट (हे सारे पिकअप असलेले जुने इलेक्ट्रिक कीबोर्ड), ऑर्गन आणि मिनीमूगसारख्या एका वेळी एकच स्वर देणाऱ्या सिंथचे आवाज अ‍ॅम्पमध्ये जाऊन मोठे होतात. आजच्या साध्या कीबोर्डमध्येही ‘इलेक्ट्रिक पियानो’ नावाचा जो आवाज हेडफोनवर कोरडा, खेळण्यासारखा वाटतो, तो कीबोर्डमधला कोरस आणि रिव्हर्ब बंद करून गिटारच्या अ‍ॅम्पवर लावून पाहा. आजवर आपल्याला न आवडलेला तो आवाज एकदम अंग धरतो.

प्रश्न: सिंथवर लीड (एकेका स्वराची सुरावट) वाजवताना अ‍ॅम्पचा गेन (आवाज फाटेपर्यंत सिग्नल वाढवणारा खटका) वाढवला की फार छान फाटका आवाज येतो, पण त्याच सेटिंगवर साधी मेजर कॉर्ड धरली की नुसता चिखल होतो. गिटारवाले तर कॉर्डच वाजवतात, मग कीबोर्डवर का जमत नाही? (कोल्हापूर)

प्रश्न उत्तम आहे आणि त्याचे उत्तर आकड्यांत स्पष्ट दिसते. आवाज फाटतो तेव्हा अ‍ॅम्प दिलेल्या स्वरांचे नुसते वरचे उपस्वर वाढवत नाही. दोन स्वर एकत्र आले तर त्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे नवे स्वरही तयार करतो. मध्य सप्तकातली पांढरी एक सा धरा, म्हणजे २६१.६ हर्ट्झ. तिच्याबरोबर पंचम, ३९२ हर्ट्झ, वाजवला तर वजाबाकी १३०.४ येते. मंद्र सप्तकातला षड्ज १३०.८ वर आहे. म्हणजे अ‍ॅम्पने स्वतःहून जवळजवळ तंतोतंत खालचा सा घातला आणि आवाज भरदार झाला. गिटारवाले फाटक्या आवाजात ज्या कॉर्ड वाजवतात त्या बहुतेक वेळा नुसत्या सा-प एवढ्याच असतात, त्यांचे हेच रहस्य आहे.

आता पंचमाऐवजी गंधार घ्या. कीबोर्डचा शुद्ध गंधार ३२९.६ वर आहे. वजाबाकी ६८. अतिमंद्र षड्ज ६५.४ वर आहे आणि त्याच्या शेजारची काळी एक ६९.३ वर. अ‍ॅम्पने घातलेला हा ६८ चा स्वर धड इकडचा नाही, धड तिकडचा नाही. तो काळी एकला जास्त जवळ आहे, आणि पांढरी एकच्या कॉर्डखाली तो घुमू लागला की चिखल होणारच. तानपुऱ्यातून ऐकू येणारा गंधार यापेक्षा किंचित उतरलेला, ३२७ च्या आसपास असतो. त्याची षड्जाशी वजाबाकी बरोबर ६५.४ येते, अतिमंद्र षड्जच. कीबोर्डचा समान अंतरांचा गंधार चढा आहे ही तक्रार आपल्याकडचे गवई नेहमी करतात. फाटक्या आवाजाचा अ‍ॅम्प तीच चूक मोठी करून दाखवतो.

उपाय यातूनच निघतात. गेन चढवलेला असताना दोनच स्वर धरा, आणि ते सा-प किंवा सा-म असू द्यात. गंधार हवाच असेल तर तो वरच्या सप्तकात, सा पासून लांब ठेवा. संपूर्ण कॉर्ड धरायची असेल तेव्हा गेन खाली आणा. कीबोर्डच्या व्हॉल्यूम पेडलने आवाज कमी केला तरी अ‍ॅम्पचा आवाज आपोआप स्वच्छ होतो, आणि वाजवता वाजवता हे पायाने साधता येते. मात्र पॅसिव्ह व्हॉल्यूम पेडल विकत घेताना कीबोर्डसाठीचा, २५ किलोओहमचा मागा; गिटारचा २५० किलोओहमचा किंवा त्याहून मोठा असतो आणि कीबोर्डवर त्याची चाल ओबडधोबड लागते.

प्रश्न: कीबोर्डला फक्त हेडफोनचा सॉकेट आहे. तेथून गिटारची केबल लावून अ‍ॅम्पच्या इनपुटला जोडावी की अ‍ॅम्पवर ‘ऑक्स’ लिहिले आहे तेथे? ‘रिटर्न’ म्हणजे काय? (रत्नागिरी)

हेडफोनचा सॉकेट स्टीरिओ असतो आणि गिटारची केबल मोनो. ती तेथे खुपसली तर केबलच्या पिनेचा धातू उजव्या बाजूचा आउटपुट सरळ ग्राउंडला टेकवतो. बरेच कीबोर्ड हे काही काळ सहन करतात, पण मुद्दाम करू नये. एका टोकाला स्टीरिओ पिन आणि दुसऱ्या टोकाला दोन मोनो पिना असलेली केबल घ्यावी आणि त्यातली डावी पिनच अ‍ॅम्पला लावावी. छोट्या अ‍ॅम्पवर ‘ऑक्स’ असेल तर दोन्ही टोकांना स्टीरिओ पिन असलेली केबल चालते. ऑक्सवाटे येणारा आवाज बहुधा अ‍ॅम्पचा गेन आणि टोनचे खटके टाळून जातो, म्हणून पियानोसाठी ऑक्स चांगला. ऑर्गन किंवा लीडला अ‍ॅम्पचा रंग हवा असेल तर पुढचे इनपुट. मोठ्या अ‍ॅम्पवरचा इफेक्ट्स लूपचा (बाहेरचे इफेक्ट जोडण्याच्या वाटेचा) ‘रिटर्न’ हेही तसेच मागचे दार आहे. तेथून लावले की फक्त पॉवर अ‍ॅम्प आणि स्पीकर वापरले जातात.

पुढच्या इनपुटला लावताना पातळीचे भान ठेवावे. गिटारचे पिकअप साधारणपणे एक-दोन दशांश व्होल्ट देते आणि जोरात छेडल्यावर एक व्होल्टच्या आसपास जाते. व्यावसायिक कीबोर्डचा लाइन आउट सरासरी १.२३ व्होल्टच्या प्रमाणावर बेतलेला असतो आणि सिंथचे उसळते स्वर त्याच्या वर जातात. म्हणून जोडणी करताना दोन्ही व्हॉल्यूम शून्यावर, मग कीबोर्ड निम्म्यावर, आणि शेवटी अ‍ॅम्प हळूहळू वर. अ‍ॅम्पला ‘हाय’ आणि ‘लो’ अशी दोन इनपुट असतील तर कीबोर्ड ‘लो’ला, जुन्या फेंडर धाटणीच्या अ‍ॅम्पमध्ये ते येणारा सिग्नल निम्मा करते. मागे डावा आणि उजवा असे दोन आउटपुट असलेल्या कीबोर्डवर डाव्याजवळ ‘मोनो’ असे छापलेले असते. उजवा रिकामा ठेवून फक्त तेवढाच लावला की कीबोर्ड स्वतःच दोन्ही बाजू एकत्र करून देतो. दोन आउटपुट साध्या जोडकेबलने एकत्र बांधू नयेत.

प्रश्न: अ‍ॅम्पला कीबोर्ड आणि लॅपटॉप जोडला की हमिंग येते. थ्री-पिन प्लगची अर्थिंगची पिन काढली तर ते थांबते. तसेच वापरले तर चालेल का? (ठाणे)

नाही. कोणत्याही परिस्थितीत नाही. अ‍ॅम्पच्या धातूच्या सांगाड्यावर आतली २३० व्होल्टची तार कधी टेकली, तर अर्थिंगची ती पिन विजेला जमिनीकडे वाट देते आणि फ्यूज उडतो. पिन नसेल तर ती वाट आपल्या बोटांतून जाते. एक हात कीबोर्डच्या धातूच्या पट्टीवर आणि दुसरा मायक्रोफोनवर असेल तर छातीतून. मिरवणुकीच्या ट्रॉलीवर जनरेटर लावून वाजवणाऱ्यांनी तर अर्थिंगची व्यवस्था इलेक्ट्रिशियनकडून तपासून घेतल्याशिवाय वाजवायला उभेच राहू नये. पावसाळ्याच्या अखेरीस येणाऱ्या गणेशोत्सवात ओल्या रस्त्यावर हा धोका दुप्पट असतो.

हमिंगचे कारण बहुधा असे असते की लॅपटॉपचा चार्जर आणि अ‍ॅम्प वेगवेगळ्या सॉकेटवर आहेत, दोघांनाही अर्थिंग आहे आणि ऑडिओची केबल त्या दोन अर्थिंगना जोडून एक वेटोळे पूर्ण करते. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवून पाहा. हमिंग थांबले तर निदान पक्के झाले. मग सर्व उपकरणे एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या. तेवढ्याने भागले नाही तर मध्ये ट्रान्सफॉर्मरचा आयसोलेटर किंवा ग्राउंड लिफ्टचे बटण असलेला डीआय बॉक्स (वाद्याचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी छोटी पेटी) लावा. तो ऑडिओच्या केबलमधले ग्राउंड तोडतो आणि विजेचे अर्थिंग शाबूत ठेवतो.

प्रश्न: अमेरिकेतून परत येताना तेथला व्हॉल्व्हचा गिटार अ‍ॅम्प आणायचा विचार आहे, मुख्यतः ऑर्गनच्या आवाजासाठी. भारतात चालेल का? (न्यू जर्सी)

तेथली वीज १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ, येथली २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. अ‍ॅम्पच्या मागे व्होल्टेज बदलण्याची सोय असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर पुरेशा वॅटचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल. तो व्होल्टेज उतरवतो, पण ५० चे ६० हर्ट्झ करत नाही, आणि ज्या अ‍ॅम्पचा पॉवर ट्रान्सफॉर्मर फक्त ६० हर्ट्झसाठी घडवलेला असतो तो येथे जास्त तापतो. मागच्या पट्टीवर ‘५०/६०’ असे छापलेले आहे का, ते घेण्याआधी पाहा. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प स्पीकरची जोडणी काढून कधीही चालू करू नये, हेही ध्यानात असू द्या. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो.

प्रश्न: आमचा लग्न-समारंभांत वाजवणारा चौघांचा बँड आहे. गिटार आणि कीबोर्ड एकाच अ‍ॅम्पच्या दोन इनपुटला लावतो, पण दोन्ही एकमेकांत मिसळून जातात. दोन अ‍ॅम्प नेणे परवडत नाही. काय करावे? (मडगाव)

एका अ‍ॅम्पवर दोन्ही वाद्ये लावू नका. गिटारचा आवाज थोडा जरी फाटत असेल, तर वर सांगितलेली वजाबाकी आता दोन वेगवेगळ्या वादकांच्या स्वरांत होते आणि कोणीच सुरात असल्यासारखे वाटत नाही. गिटारला अ‍ॅम्प ठेवा आणि कीबोर्ड थेट साउंडवाल्याच्या मिक्सरला द्या. त्यासाठी लागतो तो फक्त एक डीआय बॉक्स, आणि तो दुसऱ्या अ‍ॅम्पपेक्षा कितीतरी स्वस्त असतो. कीबोर्डवादकाला स्वतःचा आवाज ऐकू येण्यासाठी साउंडवाल्याकडून एक मॉनिटर (वादकाकडे तोंड केलेला स्पीकर) मागून घ्या.

गिटारवादक नेहमी स्वच्छ आवाजातच वाजवत असेल, तर ट्रान्झिस्टरचा, भरपूर ताकदीचा अ‍ॅम्प दोघांना मिळून चालू शकतो. १९७५ पासून मिळत असलेला रोलंडचा जेसी-१२० त्यासाठी ओळखला जातो: १२ इंची दोन स्पीकर, प्रत्येकाला ६० वॅटचा स्वतंत्र अ‍ॅम्प, आणि आवाज सहसा फाटत नाही, म्हणून कीबोर्डवालेही तो आवडीने वापरतात. तरी त्यालाही ट्वीटर नाही, तेव्हा पियानोची अपेक्षा त्याच्याकडूनही ठेवू नका.

कीबोर्डवादकाला एखाद्या गाण्यात ऑर्गनचा फाटका आवाज हवाच असेल, तर कीबोर्डचे दोन भाग करा. डावा आउटपुट डीआयवाटे मिक्सरला आणि उजवा एखाद्या लहान, पाच-दहा वॅटच्या गिटार अ‍ॅम्पला. त्या अ‍ॅम्पसमोर साउंडवाल्याचा मायक्रोफोन, कागदाच्या मध्यापासून थोडा कडेला, स्पीकरपासून चार बोटे अंतरावर. पियानो, व्हायोलिन आणि डाव्या हाताची बास पूर्ण डावीकडे पॅन करा, म्हणजे फक्त डाव्या आउटपुटला पाठवा, आणि ऑर्गन व लीड पूर्ण उजवीकडे. असे केले की बास त्या लहान स्पीकरपर्यंत पोहोचतच नाही, लहान अ‍ॅम्प असल्यामुळे तो कमी आवाजातच फाटू लागतो, आणि समारंभाच्या यजमानांना आवाज कमी करा असे सांगायची वेळ येत नाही. कीबोर्डमध्ये प्रत्येक आवाजाचे पॅन वेगळे साठवता येते की नाही, एवढे आधी मॅन्युअलमध्ये पाहून घ्या. पुष्कळ मध्यम किमतीच्या कीबोर्डमध्ये ते जमते.